गालील सरोवराकाठचा एक दिवस कसा आखावा

पवित्र भूमीच्या यात्रेला गेलेल्या वसईकराची गालीलच्या काठावर पहिली फजिती पाण्यापाशीच होते. मत्तय, मार्क आणि योहान हे शुभवर्तमानकार या सरोवराला समुद्र म्हणतात, आणि लहानपणापासून प्रवचनांत ऐकलेल्या त्या समुद्राचे चित्र आपण आपल्याच किनाऱ्यावरून मनात रंगवलेले असते. प्रत्यक्षात ओंजळ तोंडाशी नेली की पाणी गोडे लागते, भरती-ओहोटी नसते आणि पलीकडचा काठ उघड्या डोळ्यांना दिसतो. लूक मात्र त्याला सरोवरच म्हणतो. त्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे, म्हणजे बोरिवलीहून लोकलने नालासोपाऱ्यापर्यंत जावे साधारण तेवढी. रुंदी जास्तीत जास्त १३ किलोमीटर आणि सर्वांत खोल ठिकाणी पाणी सुमारे ४३ मीटर. हे सारे पाणी समुद्रसपाटीच्या जवळजवळ २१० मीटर खाली आहे, आणि तिथला उकाडा व तिथला वारा या दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

अंतरे लहान असल्यामुळेच दिवसाची आखणी बिघडते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या यात्रेच्या पत्रकात त्या एका दिवसासाठी काना हे गाव धरून आठ ठिकाणे छापलेली होती. कफर्णहूमला आम्हांला वीस मिनिटे मिळाली आणि त्यांतली आठ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. बरोबरच्या दोन मावश्या पाचव्या ठिकाणानंतर बसमधून उतरल्याच नाहीत. यात्रा नेणाऱ्या संस्थेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण बहुतेकांची पत्रके तशीच असतात. दुसऱ्या खेपेला आमच्या गटाने दिवस स्वतः आखला आणि ठिकाणे कमी केली, त्या आखणीवरून हे लिहीत आहे. हिशेब सोपा आहे. सरोवराची उत्तर-पश्चिम बाजू एवढीच एका दिवसाची हद्द मानावी आणि काना, नासरेथ व ताबोर डोंगर यांसाठी वेगळा दिवस ठेवावा.

जाण्यापूर्वीची कामे

भारतीय पारपत्रावर इस्रायलला जायचे तर व्हिसा आधी काढावा लागतो. पैसे भरण्यापूर्वी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाविषयीची ताजी सूचना वाचावी आणि रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्यावे. सरोवर देशाच्या उत्तर भागात आहे आणि तिथली परिस्थिती काही दिवसांत बदलू शकते, हे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्याने तरी विसरू नये.

ऋतूचा हिशेब आपल्या उलट आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो, त्यामुळे आपल्याकडे श्रावणात सगळे हिरवेगार असते तेव्हा गालीलच्या टेकड्या पिवळ्या पडलेल्या असतात. पाच भाकरींच्या चमत्काराच्या वेळी लोकांना हिरव्या गवतावर बसवले असे मार्क सांगतो आणि वसंतातला वल्हांडण सण जवळ आला होता असे योहान सांगतो; ही दोन वाक्ये एकमेकांना किती नेमकी जुळतात ते मार्च-एप्रिलमध्ये तिथे उभे राहिल्यावर कळते. जमल्यास तेच महिने निवडावेत, नाही तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये काठावर पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि आपल्या मे महिन्यातला खारा वाराही तिथे सोबतीला नसतो.

गटाबरोबर धर्मगुरू असतील तर मिस्सेची, म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीची, वेळ काही महिने आधी ठरवावी. फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघाच्या ताब्यातील ठिकाणांची नोंदणी जेरुसलेममधील त्यांच्या यात्रेकरू कार्यालयातून होते. ताबघाच्या बेनेडिक्टाइन मठाकडे वेगळी विचारणा करावी लागते. फादरांनी आपल्या धर्मप्रांताचे ओळखपत्र जवळ ठेवावे. मराठी मिस्साग्रंथाची प्रत, वाचने आणि गीतांचे कागद आपणच न्यायचे असतात. आम्ही ते विसरलो होतो आणि शेवटी कोणाच्या तरी मोबाइलवरून शुभवर्तमान वाचले गेले. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम पुरुषांनाही लागू आहे. अर्ध्या चड्डीतल्या तरुणांना दारावरून परत पाठवताना मी पाहिले आहे.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो. त्या काळात सार्वजनिक बस जवळपास बंद राहतात आणि ज्यू मालकांची बरीच उपाहारगृहेही उघडत नाहीत. चर्च मात्र शनिवारी उघडी असतात. स्वतःची बस असलेल्या गटाला याचा त्रास कमी होतो; दोघे-चौघे स्वतंत्रपणे जात असतील तर त्यांनी सोमवार ते गुरुवार यांतला दिवस धरावा.

सकाळ पाण्यावर

मुक्काम तिबिर्यात असेल तर पहाटे उठून काठावर जावे. हे शहर पश्चिम किनाऱ्यावर आहे, त्यामुळे आपल्याकडे जो सूर्य पाण्यात बुडतो तो तिथे गोलानच्या पठारामागून निघून पाण्यावर येतो. गालीलचा शासक हेरोद अंतिपा याने सुमारे इ. स. २० मध्ये हे शहर वसवले आणि रोमन सम्राट तिबेरियसचे नाव त्याला दिले. येशू या शहरात आल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत नाही, म्हणून इथे वेळ घालवण्याचे कारणही नाही.

बहुतेक गट होडीची सफर दुपारी जेवणानंतर ठेवतात. ती सकाळी पहिली ठेवावी असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण किनाऱ्यावरच्या माणसाला फोड करून सांगावे लागणार नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत दुपार झाली की भूमध्य समुद्रावरचा वारा डोंगर ओलांडून या खोलगट जागेत उतरतो आणि तासाभरापूर्वी काचेसारखे असलेले पाणी उसळू लागते. हिवाळ्यात पूर्वेकडून पठारावरून येणारा वारा त्याहून वाईट. शिष्यांपैकी निदान चौघे पोटापाण्यासाठी मासे मारणारे होते. अशी माणसे ‘आपण बुडतो आहोत’ म्हणून ओरडतात तेव्हा ते साधे वादळ नसते, हे आमच्या पाचूबंदरच्या काकांनी होडीत बसल्या बसल्या सांगितले. चाळीस वर्षे ते डोलीची मासेमारी करत आले आहेत. सरोवराच्या मध्यावर आल्यावर बोटवाल्याला इंजिन दहा मिनिटे बंद ठेवायला सांगावे आणि मार्कच्या चौथ्या अध्यायाचा शेवट मोठ्याने वाचावा. ध्वज उभारणे, राष्ट्रगीत, नाच हा कार्यक्रम बोटवाले आपण होऊन करतात. तो नको असेल तर निघण्यापूर्वीच नम्रपणे सांगून ठेवावे.

आधी ठरवले तर होडी तिबिर्याहून निघून गिनोसारच्या धक्क्यावर सोडते आणि बस रस्त्याने तिथे येते. गिनोसारच्या संग्रहालयात येशूच्या काळातील होडी ठेवलेली आहे. १९८६ च्या जानेवारीत, दुष्काळाने पाणी मागे हटले असताना, तिथल्या किबुत्झमधील (सामुदायिक शेतीवसाहतीतील) दोन मच्छीमार भावांना ती चिखलात दिसली. बारा दिवसांत ती खणून काढली, फेसाळ रसायनाचे कवच चढवून तरंगवत किनाऱ्याला आणली आणि मग लाकूड टिकावे म्हणून कित्येक वर्षे मेणासारख्या द्रावणात बुडवून ठेवली. तिची लांबी सुमारे ८.२ मीटर आणि रुंदी २.३ मीटर आहे. ती येशूचा शिष्य पेत्र याची होडी होती असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावे. इसवी सनपूर्व पहिले शतक ते इसवी सनाचे पहिले शतक, एवढेच अभ्यासक खात्रीने सांगतात.

मार्गदर्शक रसायनाची माहिती सांगत होता तेव्हा काका वाकून फळ्यांचे सांधे पाहत होते. फळीला फळी खाचेत बसवून जोडलेली, आणि वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जिथे जे मिळेल ते लावलेले. ‘ही गरिबाची होडी आहे, हिला फार वेळा ठिगळे लावली आहेत,’ ते म्हणाले. पुढच्याच फलकावर लिहिले होते की या होडीत १२ प्रकारची लाकडे सापडली आहेत.

डोंगर आणि ताबघा

गिनोसारहून बसने धन्यवचनांच्या डोंगरावर जावे, आणि ते अकराच्या आत. हे आवार दुपारी मध्ये काही वेळ बंद ठेवतात. पहिल्या यात्रेत आम्ही बरोबर बंद फाटकासमोर जाऊन उभे राहिलो होतो. अंतोनियो बार्लुझी या इटालियन वास्तुशिल्पीने आखलेले हे अष्टकोनी चर्च १९३८ मध्ये पूर्ण झाले; आठ बाजू मत्तयमधील आठ धन्यवचनांसाठी आहेत. इमारत सुंदर आहे, परंतु तिच्यापेक्षा बागेच्या खालच्या टोकाकडे जास्त वेळ द्यावा. तिथून गिनेसरेतची सपाटी, ताबघाची झाडी आणि कफर्णहूम एका नजरेत येतात, आणि येशूच्या गालीलमधील कार्याचा केवढा मोठा भाग केवढ्याशा जागेत घडला ते दिसते. येशूचे डोंगरावरील प्रवचन नेमके याच जागी झाले याचा पुरावा नाही. ही परंपरेने मानलेली जागा आहे. वाचन एकच करावे, मत्तयच्या पाचव्या अध्यायातील पहिल्या बारा ओव्या, आणि शक्यतो एकाच व्यक्तीने.

डोंगर आधी ठेवण्याचा दुसरा फायदा असा की चालणाऱ्यांना पायवाटेने उतरत ताबघाला येता येते आणि गुडघे दुखणाऱ्यांना बसने. चढ कोणालाच चढावा लागत नाही.

ताबघा हे नाव ‘सात झरे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा अरबी अपभ्रंश आहे. हे झरे कोमट आहेत, आणि थंडीत मुश्त जातीचे मासे उबेसाठी त्यांच्या तोंडाशी गोळा होतात. मच्छीमार इथे का येत असत हे त्यावरून उघड होते. भाकरी आणि माशांच्या चमत्काराचे स्मरण करणारे बेनेडिक्टाइन चर्च १९८२ मधील आहे, परंतु त्याच्या जमिनीवरचे रंगीत खड्यांचे चित्रकाम पाचव्या शतकातील आहे. २०१५ मध्ये लावण्यात आलेल्या आगीत आवाराचे मोठे नुकसान झाले होते. त्यानंतर दुरुस्ती होऊन ते पुन्हा खुले झाले. वेदीपुढे टोपली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मासा असे ते प्रसिद्ध चित्र आहे. टोपलीत भाकऱ्या चारच दिसतात, पाचवी वेदीवर आहे असे सांगतात. काकांचे लक्ष भाकऱ्यांकडे नव्हते. माशाच्या पाठीवर दोन पर काढलेले आहेत आणि या सरोवरातल्या मुश्तला एकच लांब पर असतो, हे त्यांनी आदल्या रात्रीच्या जेवणात ताटातला मासा उलटून पाहिले होते. ‘ज्याने हे काढले त्याने तो मासा धरलेला नाही,’ असा त्यांचा निकाल. अभ्यासकही हा कारागीर सरोवराकाठचा नसावा असेच म्हणतात. सभोवतालच्या पट्ट्यात पाणपक्षी आणि कमळे आहेत, तीही घाई न करता पाहावीत.

तिथून थोड्या पावलांवर फ्रान्सिस्कनांचे पेत्राच्या अग्रस्थानाचे चर्च आहे. काळ्या दगडाचे हे छोटे मंदिर १९३३ मधील आहे आणि आत वेदीपुढे जमिनीतून वर आलेला मोठा खडक आहे. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना न्याहारी दिली ती या खडकावर, अशी परंपरा. पोप सहावे पॉल १९६४ मध्ये आणि पोप दुसरे जॉन पॉल २००० मध्ये इथे येऊन गेले. मिस्सा कुठे ठेवावी असे कोणी विचारले तर मी हीच जागा सांगेन, आणि तीही बाहेरच्या झाडाखालच्या वेदीवर. योहानाचा एकविसावा अध्याय पुरा वाचावा. रात्रभर काही न मिळालेले सात जण, किनाऱ्यावरून आलेला आवाज, एकशे त्रेपन्न मासे आणि तरीही न फाटलेले जाळे, पेटलेला विस्तव, त्यावर मासळी. ज्याच्या घरात कोणी पहाटे रिकाम्या हाताने बंदरावर परतले आहे त्याला यावर प्रवचन लागत नाही. फादरांनी ते पाच मिनिटांत आटोपले तर त्यांचे आभार मानावेत. मिस्सेनंतर निदान वीस मिनिटे कोणालाही कुठेही न नेता काठावर सोडावे. लोक पाण्यात पाय बुडवतात, कोणी जपमाळ काढते, कोणी नुसते बसते.

कफर्णहूम

ताबघाहून कफर्णहूम सुमारे ३ किलोमीटर आहे. काठाने बांधलेला पादचारी मार्गही आहे. फ्रान्सिस्कनांनी ही जागा १८९४ मध्ये विकत घेतली. आत थोडे प्रवेशशुल्क द्यावे लागते. या एका ठिकाणाला सव्वा तास तरी द्यावा.

आत गेल्यावर आधी घरांच्या पायांकडे पाहावे. सगळीकडे काळा कातळ, आपल्या सह्याद्रीचा असतो तसा ज्वालामुखीचा दगड, आणि त्यात अचानक एक पांढऱ्या चुनखडकाची देखणी इमारत. हे सभास्थान चौथ्या-पाचव्या शतकातील आहे, म्हणजे येशूने ज्यात शिकवले ते हे नव्हे. मात्र त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी खाली वाकले की पांढऱ्या थरांच्या तळाशी काळ्या दगडाच्या जुन्या भिंती दिसतात. येशूच्या काळातले सभास्थान त्या थरात असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. मार्गदर्शक खांबांपुढे छायाचित्रे काढायला उभे करतो. गटप्रमुखाने लोकांना त्या कोपऱ्यापाशी न्यावे आणि योहानाच्या सहाव्या अध्यायातील ‘जीवनाची भाकर मीच आहे’ हा भाग तिथे वाचावा, कारण ते बोलणे कफर्णहूमच्या सभास्थानात झाले असे तो अध्यायच सांगतो.

तिथून जेमतेम तीसेक मीटरवर पेत्राचे घर मानले जाते ती जागा आहे. १९६८ पासून झालेल्या उत्खननात पाचव्या शतकातील अष्टकोनी चर्चखाली एक साधे घर आढळले. त्याच्या एका खोलीला पहिल्या शतकातच गिलावा केलेला होता आणि त्यावर पुढे यात्रेकरूंनी प्रार्थना खरवडलेल्या होत्या. इतर कोणत्याही घराला असा मान मिळालेला नाही. १९९० मध्ये त्यावर खांबांवर उभे नवे चर्च बांधले. त्याचा आकार अनेकांना आवडत नाही, मलाही नाही, पण आतल्या काचेच्या तळातून खालची खोली दिसते. पेत्राच्या सासूचा ताप आणि छप्पर उकलून खाली सोडलेला पक्षाघाती या दोन घटना तिथे आठवाव्यात. खोल्या किती लहान आहेत ते पाहिले की ‘दाराशीही जागा राहिली नाही’ हे वाक्य नुसते वर्णन वाटत नाही.

जेवण, आणि उरलेली दुपार

जेवण दोन वाजता, कफर्णहूमनंतर. ‘सेंट पीटर्स फिश’ म्हणून जो अख्खा तळलेला मासा ताटात येतो तो मुश्त, म्हणजे आपल्याकडे उजनीच्या पाण्यात सापडणाऱ्या चिलापीच्या कुळातला. बऱ्याच ठिकाणी तो तळ्यात वाढवलेला असतो. पापलेट-सुरमईची सवय असलेल्याने चवीची फार अपेक्षा ठेवू नये, आणि काटे जपून काढावेत. मसाल्याची पुडी सोबत नेण्याची कल्पना आमच्या गटातील एका आजींची होती आणि त्या दिवशी त्यांना फार मान मिळाला.

जेवताना जाळ्याच्या दाखल्यावर बोलणे निघाले. मत्तयच्या तेराव्या अध्यायात समुद्रात टाकून काठावर ओढलेले जाळे आहे, ते फेकायचे पाग नव्हे. मालवणकडे किनाऱ्यावरून दोन्ही टोके धरून ओढतात त्या रापणीच्याच जातीचे ते. काठावर बसून चांगले मासे भांड्यांत जमा केले आणि वाईट फेकून दिले असे पुढे म्हटले आहे, ते वाईट म्हणजे कुजलेले असतीलच असे नाही: खवले नसलेला मासा खायचा नाही असा मोशेचा नियम होता, आणि या सरोवरात शिंगाळ्यासारखा मिशांचा, बिनखवल्याचा मोठा मासा आहे. रापण ओढली की तोही येणारच.

अंगात त्राण असेल तर तिबिर्याला परतताना मग्दाला पाहावे. नसेल तर बिनदिक्कत वगळावे. मरीया मग्दालियेचे हे गाव. २००९ मध्ये इथे अतिथिगृहाच्या बांधकामाआधीच्या खोदाईत पहिल्या शतकातील सभास्थान सापडले आणि त्यात सात शाखांची समई कोरलेला एक दगड. येशू गालीलमध्ये फिरत असताना हे सभास्थान उभे होते, हे कफर्णहूमच्या पांढऱ्या इमारतीबद्दल म्हणता येत नाही. या गावाचे ग्रीक नाव मासे खारवण्याच्या धंद्यावरून पडले, असे मानतात. सुकी मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना हे सांगावे. शेजारच्या नव्या चर्चमध्ये वेदी होडीच्या आकाराची आहे आणि तिच्यामागच्या काचेतून सरोवर दिसते.

सरोवरातून यार्देन नदी जिथे बाहेर पडते तिथल्या यार्देनितला जाण्याचा आग्रह जवळजवळ प्रत्येक गटात होतो. बाप्तिस्म्यासाठीचे हे ठिकाण १९८१ पासूनचे आहे. बाप्तिस्म्याची परंपरेची जागा खाली यरीहोजवळ आहे. तुमच्या यात्रेत ती जागा असेल तर यार्देनितचा वेळ वाचवावा. नसेल तर अर्धा तास द्यावा आणि फादरांकडून बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करून घ्यावे. बाप्तिस्मा एकदाच होतो, त्यामुळे पांढरा झगा भाड्याने घेऊन पुन्हा बुडी मारण्याचे कॅथलिकांना कारण नाही. पूर्व काठावरील कुर्सी, जिथे डुकरांचा कळप पाण्यात गेला असे मानतात आणि जिथे पाचव्या शतकातील मठाचे अवशेष आहेत, ते दुसऱ्या दिवशी वाटेवर असेल तरच घ्यावे.

घरच्यांसाठी सरोवराचे पाणी आणायचे असेल तर छोटी, घट्ट झाकणाची बाटली इथूनच न्यावी, ती ताबघाला पेत्राच्या अग्रस्थानाच्या चर्चखालच्या काठावर भरावी आणि विमानात सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवावी, कारण हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वरचे भांडे सुरक्षा तपासणीत काढून घेतात. अवशेषांमधला खडा मात्र कितीही लहान असला तरी उचलू नये.